इंजिनचा दिवा लुकलुकतोय, तीन कोड आलेत. लांबच्या प्रवासाला गाडी न्यावी का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाई आहे.

पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा आधी नुसता लागून राहायचा. आता चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की लुकलुकतो आणि गाडी हिसके देते. ओबीडीचं डोंगल (गाडीचे दोष वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर कोड वाचले:

पी०३०२ – दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट पेटत नाही)
पी०४२० – कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) नीट काम करत नाही
पी०३३५ – क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा कुठवर फिरलाय ते सांगणारा, त्यात दोष (हा ‘पेंडिंग’ दाखवतोय)

एका गॅरेजमध्ये कोड पुसून दिले, थोड्याच अंतरावर दिवा परत हजर. दुसरे म्हणतात थेट कन्व्हर्टर बदला. आकडा ऐकून मी ‘कळवतो’ म्हणून निघालो.

आईला घेऊन रात्रीचा प्रवास आहे. यातला कुठला कोड गाडी वाटेत बंद पाडेल? हो, आणि परवा रहदारीत इंजिन अचानक बंद पडलं. थोडं थांबल्यावर काही न करता सुरू झालं. बॅटरी नवीन आहे.

प्रतिसाद – टायमिंग_चेन

कन्व्हर्टरला आत्ता हात लावू नका. मिसफायर होतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि तो प्रमाणाबाहेर तापतो. लुकलुकणारा दिवा नेमकं हेच सांगतो: कन्व्हर्टरची वाट लागेल इतका मिसफायर होतोय. म्हणजे पी०४२० हा पी०३०२चाच परिणाम असू शकतो. मूळ दोष ठेवून नवा कन्व्हर्टर बसवलात तर तोही जळेल.

दर सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. पी०३०२च राहिला तर प्लग बघा, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). तोवर दिवा लुकलुकला की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा.

प्रतिसाद – ऑइलस्टिक

वरच्यांशी सहमत, पण मला भीती तिसऱ्या कोडची वाटते. क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला की स्पार्क कधी द्यायचा आणि पेट्रोल कधी सोडायचं हे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळत नाही, आणि बऱ्याच गाड्या जागच्या जागी बंद पडतात. हा सेन्सर बरेचदा तापल्यावर दगा देतो आणि गार झाला की शहाण्यासारखा वागतो. तुमची परवाची गोष्ट तशीच वाटतेय. ‘पेंडिंग’ म्हणजे किरकोळ नव्हे. दोष दिसला, पण पक्का ठरायला तो पुन्हा दिसायला हवा, इतकंच.

आता एक सांगा: बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत होता का? आणि अ‍ॅपमध्ये फ्रीझ फ्रेम असेल तर बघा, कोड पडला तेव्हाचं कूलंटचं तापमान आणि आरपीएम तिथे मिळेल. कोड पुसले की ही नोंदही जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या.

धागाकर्ता

काटा शून्यावरच होता! मला वाटलं मीटर बिघडलाय. फ्रीझ फ्रेम फक्त पी०३०२ची मिळाली, त्यात इंजिन पूर्ण तापलेलं दिसतंय. स्क्रीनशॉट घेतलाय. सेन्सर लगेच बदलू का?

प्रतिसाद – ऑइलस्टिक

मग संशय बळावला. तरी आधी सेन्सरचा कनेक्टर आणि वायर तपासून घ्या. तेल शिरलेलं किंवा वायर घासलेली असली तरी हाच कोड येतो. काही गाड्यांत सेन्सर बदलल्यावर स्कॅनरने रीलर्न करावं लागतं (म्हणजे कॉम्प्युटरला नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते), मेकॅनिकला आधीच विचारा.

प्रतिसाद – टायमिंग_चेन

सोबत पी००१६ आला तर मात्र गाडी उभी करा. क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ, टायमिंग चेन सैल झालेली असू शकते. ऑइलचा लाल दिवा लागला तर कोड वाचायलाही थांबू नका, बाजूला घेऊन इंजिन बंद.

धागाकर्ता

पी००१६ नाही. कॉइलची अदलाबदल केली, कोड पी०३०३ झाला! आता नवी कॉइल आणि सेन्सरची तपासणी एकदमच करून घेतो. कन्व्हर्टर नंतर बघू. आईला ट्रेनचं तिकीट काढलंय.

प्रतिसाद – ऑइलस्टिक

उत्तम. कॉइल काढतील तेव्हा प्लगही बघून घ्या. जुने असतील तर चारही बदला.