मदत हवी आहे: ‘त्रिंकोमाली’च्या मॉडेलची कील आणि स्टेम कधी आणि कशी बसवावी?

नमस्कार मंडळी,

‘एचएमएस त्रिंकोमाली’चं १:७२ मापाचं लाकडी मॉडेल करायला घेतलं आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलं. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली तरी सांगाडा टिकला, याचं मोठं श्रेय सागवानाला. इंग्लंडात तेव्हा ओकचा तुटवडा होता म्हणून हे काम मुंबईकडे आलं. नकाशांची पहिली प्रत ‘जावा’ नावाच्या जहाजावरून येत होती. ते १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत गेलं आणि दुसरी प्रत मागवावी लागली. लंडन-अमेरिकेच्या जहाजांची किट्स सगळीकडे मिळतात, पण मला मुंबईचंच जहाज करायचं होतं. म्हणून किट न घेता नकाशावरून करतो आहे.

आता अडचण. तोफांचा डेक मुळात सुमारे १५० फूट, म्हणजे मॉडेलवर साधारण ६४ सेंमी. मधला उभा कणा ५ मिमी प्लायचा, लेझरवर कापून आणला आहे. बल्कहेड, म्हणजे कण्यात आडवे बसणारे जहाजाच्या छेदाच्या आकाराचे तक्ते, ३ मिमीचे. वरून पट्ट्यांचे दोन थर, पहिला १.५ मिमी आणि दुसरा ०.६ मिमी. कील (तळाचा लांब वासा), स्टेम (पुढचा बाकदार खांब) आणि स्टर्नपोस्ट (मागचा, सुकाणूचा खांब) ५ मिमी जाडीच्या सागवानातून काढायचा विचार आहे.

हिशेब केला तर कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन थर बसल्यावर जाडी होते ९.२ मिमी आणि कील राहते ५ मिमीची. म्हणजे पट्ट्या कीलच्या आणि स्टेमच्या बाहेर दोन-दोन मिमी डोकावणार. खऱ्या जहाजात पट्टीची कड कीलमधल्या खाचेत बसते हे समजतं, पण ती खाच या मापात करायची कशी? कील-स्टेम आधी चिकटवून खाच मारू, की पहिला थर झाल्यावर बसवू? दोन्ही प्रकारे केलेली मॉडेल फोटोत पाहिली आहेत.

दुसरं, स्टेमचा बाक एकाच फळीतून कापला तर चालेल का? कील आणि स्टेमचा सांधा कसा घ्यावा?

आणि एक मनातली गोष्ट. त्रिंकोमालीचं बांधकाम १८१६ मध्ये सुरू झालं तेव्हा पारशी रीतीप्रमाणे जमशेटजींनी कीलमध्ये चांदीचा खिळा ठोकला होता. माझ्याही कीलमध्ये चांदीची बारीक तार घालायची फार इच्छा आहे. सांध्याला धक्का न लावता ती कुठे घालता येईल?

प्रतिसाद १

विषय माझ्या आवडीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे: कील आणि स्टेम आधी बसवा. पट्ट्या लावल्यावर कील बसवायची तर खालची कड सरळ आणि एका पातळीत घासून आणावी लागते. स्टेमच्या बाकाशी तर हमखास फट राहते, आणि तिथली फट मॉडेलकडे पाहणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते.

क्रम असा ठेवा. सगळे बल्कहेड कण्यात नुसते बसवा, गोंद नको. एक लवचीक पट्टी पुढच्या बल्कहेडांवरून स्टेमकडे वाकवत न्या आणि ती प्लायला जिथे टेकते तिथे पेन्सिलने खूण करा. वरपासून खालपर्यंत अशा खुणा करत गेलात की त्या जोडून एक वक्र रेघ मिळते. मागच्या बाजूलाही तसंच करा. या रेघेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचा प्लाय उतरता करायचा आहे. मग बल्कहेड काढून ठेवा.

आता महत्त्वाचं. प्लाय आधी पातळ करू नका. तो पूर्ण ५ मिमीचा असतानाच कील आणि स्टेम चिकटवा, म्हणजे दोन्हीचे गाल (बाजूचे पृष्ठभाग) एका पातळीत येतात आणि गोंदाला पूर्ण कड मिळते. प्लायच्या कडेवर नुसत्या गोंदाचा भरवसा धरता येत नाही, म्हणून मेखा हव्याच. बांबूची काडी सोलून १ मिमीची करा. कीलच्या तळातून बरोबर मध्यावर १ मिमीचं भोक पाडा, प्लायमध्ये ८-१० मिमी आत जाऊ द्या, दर सात-आठ सेंमीवर एक. दोन्ही बाजूंना मध्यरेषा आधी आखलेली असेल तर भोक भरकटत नाही.

गोंद पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, पटाशी घ्या. कील आणि प्लायच्या सांध्यावर धारदार सुरीने सरळ चीर द्या आणि मग वरच्या पेन्सिलरेघेकडून सांध्याकडे प्लाय उतरता तासा, सांध्याशी २ मिमी उरेपर्यंत. मेखा मध्यावर असल्याने त्या शाबूत राहतात. आता हिशेब पाहा: २ मिमी प्लाय, पहिल्या थराच्या पट्ट्यांची टोकं आतून घासून ०.९ मिमी, वर दुसरा थर ०.६. दोन्ही बाजू धरून बरोबर ५ मिमी. पट्टी स्टेमच्या गालाशी सपाट बसते. प्लायचे थर वेगवेगळ्या रंगाचे दिसतात, ते समांतर पट्ट्यांसारखे दिसत राहिले तर उतार सारखा येतोय असं समजा. माझ्यासाठी ती सगळ्यात खात्रीची मोजपट्टी आहे.

हा उतार सगळीकडे सारखा नसतो, इथे बरेच जण अडखळतात. पुढे स्टेमच्या खालच्या भागाशी पट्ट्या जवळजवळ स्टेमच्या गालाला समांतर येतात, म्हणून तिथे लांब उतार लागतो. जहाजाच्या मध्यावर तळ बराच पसरट आहे. तिथे पहिली पट्टी कीलला जवळपास काटकोनात भेटते, त्यामुळे बारीक तिरपी खाच पुरते. मागे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पुन्हा जवळ येऊन स्टर्नपोस्टला मिळतात आणि तिथला प्लाय बऱ्याच उंचीपर्यंत पातळ करावा लागतो. तिथे कंटाळा केलात तर मागचा भाग जाड दिसेल आणि सुकाणूही शोभणार नाही.

स्टेम एका फळीतून नको. बाक एकसंध कापला की कुठेतरी लाकडाच्या रेषा आडव्या येतात आणि त्याच जागी तो मोडतो. खऱ्या जहाजातही तो तुकड्यांचाच असायचा. कार्डाचा साचा करून दोन किंवा तीन तुकडे घ्या, प्रत्येकाच्या रेषा बाकाच्या दिशेने, आणि तिरपे लांब सांधे द्या. कीलशीही तसाच सांधा. लांबी जाडीच्या चौपट तरी असू द्या आणि टोकं सुरीसारखी न ठेवता किंचित बोथट ठेवा, नाहीतर ती कुरतडल्यासारखी होतात.

चांदीची तार याच सांध्यात घाला. ०.८ मिमीची तार तिरप्या सांध्यातून आरपार मेखेसारखी जाते, धक्का तर लागत नाहीच, उलट सांधा बांधला जातो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त लाकडाबद्दल भर घालतो. सागवानात तेल असतं. चिकटवण्याच्या आधी दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसा आणि सुकल्यावर वेळ न घालवता गोंद लावा. जुन्या दाराच्या चौकटीचं किंवा पलंगाचं सागवान मिळालं तर उत्तम. ते मुरलेलं असतं, पुढे वाकत नाही. पण १:७२ ला सागवानाची छिद्रं मोठी दिसतात. तुमचं जहाज पाण्याखाली तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं आहे, म्हणजे कील आणि स्टेमचा खालचा भाग झाकलाच जाणार. तिथे सागवान ठेवा. वरच्या, दिसणाऱ्या भागाला शिवण किंवा हेदचं लाकूड वापरलंत तर कडा स्वच्छ निघतात.

पुढच्या पुतळ्याचाही आताच विचार करा. पागोटं घातलेल्या माणसाची ती मूर्ती आहे. स्टेमच्या पुढचा भाग पुतळ्याकडे जाताना निमुळता होत जातो. सगळी ५ मिमी जाडी तशीच ठेवली तर मूर्ती ओंडक्यावर बसवल्यासारखी दिसेल. टोकाशी साधारण ३ मिमीवर आणा, आणि हे काम स्टेम कण्याला चिकटवण्याआधी, सपाट पाटावर करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. प्लाय पूर्ण जाडीचा असतानाच चिकटवायचं आणि मग कोरायचं, हे मला कुठल्याच फोटोवरून उमगलं नसतं. हेदची फळी शोधतो.

एक शंका राहिली. पावसाळी हवेत कणा किंचित बाकलाय. सपाट काचेवर ठेवला तर मधोमध साधारण २ मिमी उचललेला दिसतो. हा प्लाय बदलावा, की कीलच्या सागवानाने तो सरळ ओढला जाईल? आणि कील चिकटवताना तो सरळ धरून कसा ठेवायचा?

प्रतिसाद १

कीलच्या भरवशावर सोडू नका. ५ मिमीची कील प्लायबरोबर वाकेल, त्याला ओढणार नाही. २ मिमी बाक म्हणजे प्लाय टाकून देण्यासारखं काही नाही. बाकाच्या आतल्या, खोलगट बाजूला ओला फडका फिरवा आणि कणा दोन सरळ ॲल्युमिनियम अँगलमध्ये क्लॅम्पने आवळून तीन-चार दिवस कोरड्या खोलीत राहू द्या. मध्ये प्लास्टिकचा कागद घाला, म्हणजे ओलाव्याने डाग पडत नाहीत.

त्याच अँगलमध्ये धरून कील चिकटवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून मध्यरेषा तपासा. वरून पाहताना दोरा, कील आणि स्टेम तिन्ही एका रेषेत आले पाहिजेत. स्टेम गुण्या लावून तपासा, एक अंश जरी कलला तरी बोस्प्रिट (नाकाडावरचा पुढे झेपावणारा खांब) पुढे एका बाजूला जाईल. गोंद मात्र पातळ लावा. पाण्याचा गोंद जास्त झाला की लाकूड पुन्हा फुगतं.

बल्कहेड चिकटवल्यावर त्यांच्या मधल्या घरांत कण्याच्या दोन्ही बाजूंना हलक्या लाकडाचे ठोकळे घट्ट बसवा, गुण्या लावून. एकदा ते बसले की कणा कुठेच जात नाही. पट्ट्यांना हात लावण्याआधी दोरा पुन्हा एकदा ताणा, आणि कीलखालची खोटी कील आत्ता लावू नका. खऱ्या जहाजात ती तळ घासला तर निघून जावी म्हणून हलकीच जोडलेली असायची. मॉडेलवर ती तांबं चढवून झाल्यावर लावली की पत्र्याच्या कडा तिच्याखाली नीट झाकल्या जातात.