‘ऐंशी टक्के झालं की पाठवा’ म्हणे!

हिशेबनीस: काल एकाने ज्ञान पाजळलं: काम ऐंशी टक्के झालं की पाठवून मोकळं व्हा, उरलेल्या वीसमध्ये आयुष्य जातं. खाली टाळ्याच टाळ्या. फोर्टात २२ वर्षं लोकांचे कर निस्तरतोय. जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, एक बिल भलत्याच पार्टीच्या जीएसटी नंबरावर चढलं की खऱ्या पार्टीचं कराचं क्रेडिट अडकतं आणि ती आपलं पेमेंट अडकवते. तिला काय सांगू, बाकीची ९९ बरोबर आहेत?

शेवटची_बदलापूर: काका, आमचे साहेब तुमचेच भाऊ. ९ तारखेला तयार असलेलं रिटर्न तीनदा तपासतात, आणि ११ च्या, म्हणजे शेवटच्या तारखेच्या, रात्री पोर्टल मान टाकतं. उशीर झाला की एकाचं नाही, सगळ्याच पार्ट्यांचं क्रेडिट पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये, म्हणजे त्यांच्या क्रेडिटच्या यादीत, ढकललं जातं. भलतीकडे गेलेलं बिल पुढच्या रिटर्नच्या ९ए टेबलात सुधारता येतं. माझी सुटलेली लोकल कुठल्या टेबलात सुधारू?

पार्लेकरीण: ‘चलता है’चं फळ बघायचं तर अंधेरीचं पूर्व-पश्चिम जोडणारा गोखले पूल बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीच जुळेना!

अंधेरी_पूर्व: तुम्हाला हसायला काय जातंय. पूल नोव्हेंबर २०२२ पासून बंद होता. आईचं डायलिसिस पश्चिमेला, आठवड्यातून तीनदा रिक्षाने वळसा. अर्धा उघडला त्या दिवशी मी पेढे वाटले.

पार्लेकरीण: आईंचं वाईट वाटतं. पण नंतर जॅक लावून बर्फीवाला उचलावा लागलाच ना? आधी जुळवायला काय झालं होतं?

अंधेरी_पूर्व: ते जुळलं जुलैत. तोपर्यंत थांबलो असतो म्हणता? डायलिसिसला सांगतो थांबायला.

पार्लेकरीण: प्रत्येक गोष्टीत आई आणू नका हो.

अंधेरी_पूर्व: मग तुम्ही पूल आणू नका!

हिशेबनीस: अहो, धागा माझा आहे, पूल कसले बांधताय? बरं, बदलापूरकर, या महिन्यात दोनदाच तपासतो आणि ९ लाच भरतो. गेल्या दिवाळीत तिसऱ्या फेरीत सव्वा लाखाचं बिल सापडलं होतं, ते विसरलो समजा.

शेवटची_बदलापूर: आणि काहीच सापडलं नाही अशा तिसऱ्या फेऱ्या किती?

हिशेबनीस: त्या मोजायच्या नसतात.