सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वाढवायचा, की पाण्याचा प्रवाह वळवायचा?

लातूरकर (धागाकर्ता)

माझी पाणवनस्पतींची मत्स्यटाकी 4 फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच आहे. माती-दगड वजा जाता तीत सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी मावते. सीओटूचे सूक्ष्म बुडबुडे सोडणारा सिरॅमिक डिफ्यूझर आणि टाकीबाहेरच्या कॅनिस्टर फिल्टरचा पाणी सोडणारा पाइप, दोन्ही उजव्या बाजूला आहेत. तिथली रोटाला ही उंच वनस्पती जोमाने वाढते, पण डावीकडे तळावर पसरलेले मॉन्टे कार्लो या बुटक्या वनस्पतीचे कार्पेट पिवळे पडून त्याच्या कडांवर काळे केसाळ शेवाळ धरले आहे. दुकानदाराचा सल्ला ठरलेला : बुडबुडे वाढवा. मला तो पटत नाही. सीओटूचे पाण्यातील विसरण (आपोआप पसरणे) हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट मंद असते. त्यामुळे वायू आपोआप कोपऱ्यापर्यंत पसरेल असे मानणे चूक आहे, त्याला वाहून न्यावे लागते. म्हणून डिफ्यूझर हलवून प्रवाह वळवावा असे माझ्या मनात आहे. 4 डीकेएचच्या (कार्बोनेट कठीणपणाचे अंश) द्रावणाचा ड्रॉप चेकर, म्हणजे सीओटूनुसार रंग बदलणारी कुपी, उजवीकडे हिरवा दिसतो, म्हणजे सीओटू लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या जवळपास. तोच डावीकडे लावला की निळसर राहतो. असे असताना नळी आणखी उघडली, तर कार्पेटला खाद्य मिळण्याआधी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतील.

काचेपलीकडे (छत्रपती संभाजीनगर)

निष्कर्ष घाईचा आहे. ड्रॉप चेकर डिफ्यूझरच्या बाजूला टांगला की वर जाणारे सूक्ष्म बुडबुडे थेट त्याच्या तोंडातील हवेच्या पोकळीत शिरतात आणि पाण्यात विरघळलेल्या वायूऐवजी न विरघळलेला वायूच रंग बदलून टाकतो. शिवाय हा रंग एक ते दोन तास उशिराने बदलतो. फिल्टर तासाला टाकीच्या चारपट पाणी फिरवत असेल, तर एकदा विरघळलेला सीओटू काही मिनिटांत बऱ्यापैकी सर्वत्र मिसळतो. उणीव असते ती पानापाशी. प्रत्येक पानाला पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो आणि वायूला तो थर विसरणानेच ओलांडावा लागतो. प्रवाह पानावरून गेला की तो थर पातळ होतो. म्हणून प्रश्न वायूच्या वाटपाचा नसून पाने हलतात की नाही याचा आहे. सीओटू वाढला की पीएच उतरतो, तेव्हा पीएच पेनने एकाच वेळी चारही कोपरे मोजून पाहा.

लातूरकर

मोजले. आमच्या बोअरच्या पाण्याचा केएच (कार्बोनेट कठीणपणा) 10 आहे. मोकळ्या पाण्यात चारही कोपऱ्यांत पीएच 7.0 आला, एका ठिकाणी 7.1, इतक्यापुरते आपले म्हणणे मान्य. मात्र हवेच्या बारीक नळीने कार्पेटच्या अगदी आतले पाणी ओढून लगेच मोजले तेव्हा 7.2 आला. पीएच-केएचच्या सूत्राने पहिल्या आकड्यापासून 30 आणि शेवटच्यापासून सुमारे 19 मिलिग्रॅम सीओटू लिटरमागे निघतो. मॉन्टे कार्लोला वरचे 30 काय कामाचे?

तळ्याकाठी (परभणी)

दादा, दोघेही सीओटूचेच बोलता आहात, प्राणवायूचे कोणी बोलत नाही. 25 अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो आणि 32 अंशांना 7च्या थोडा वर. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचे पाणी 32 अंशांवर सहज जाते. पृष्ठभाग हलवला की सीओटू उडून जातो म्हणून लोक पाणी अगदी शांत ठेवतात, हे मला मुळीच मान्य नाही. वायू सिलिंडरमध्ये पुन्हा भरता येतो. त्यातून भारनियमन! वीज गेली की सिलिंडरचा सोलेनॉइड (विजेवरची झडप) बंद होतो आणि गॅस थांबतो, पण सिलिंडरऐवजी वापरतात ती सीओटूची साखर-यीस्टची बाटली फिल्टर बंद पडल्यावरही वायू सोडतच राहते. मी एकदा बाजारातून परतले तेव्हा निम्मे टेट्रा मासे मेले होते. समान वाटपाच्या नादात टाकीभर 30चा आग्रह धरण्यापेक्षा उन्हाळ्यात 20वर समाधान मानलेले बरे.

काचेपलीकडे

ताईंच्या पृष्ठभागाविषयीच्या मताशी मी सहमत आहे, 20च्या आकड्याशी नाही. ज्याची पाने पिवळी पडत आहेत त्याला आणखी कमी वायू द्या असे कसे सांगणार? लातूरकर, तुमचा 7.2 हा आकडा उलट माझाच मुद्दा सिद्ध करतो. कार्पेटच्या आत वायू कमी आहे, कारण झाडे तो खात आहेत आणि दाट गादीत नवे पाणी शिरत नाही. डिफ्यूझर हलवून काय साधणार? कात्री घ्या, कार्पेट निम्म्या उंचीवर कापा.

गोदाकाठ (नांदेड)

एवढ्या कठीण पाण्यात व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला लावा. त्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात, सिलिंडर लागतच नाही.

लातूरकर

गोदाकाठ, हायड्रिला लावण्यासाठी मी सिलिंडरचा रेग्युलेटर घेतला नव्हता. काचेपलीकडे, कापणी करणार आहे, पण केवळ तीच पुरेल असे मला वाटत नाही, कारण मागच्या दोन कापण्यांनंतरही उजवी बाजू सावरली आणि डावी मागेच राहिली. मी मागच्या काचेवर पूर्ण लांबीचा स्प्रे बार (फिल्टरचे पाणी सोडणारी छिद्रांची नळी) बसवला आहे. त्याची छिद्रे पुढच्या काचेकडे किंचित वर वळवली आहेत, म्हणजे पृष्ठभागही हलेल आणि पाणी पुढच्या काचेला लागून खाली उतरून तळावरून मागे परतेल. डिफ्यूझर डावीकडे, त्या उतरत्या धारेखाली हलवला आहे. बुडबुडे आता वर सरळ न जाता कार्पेटवरून घसरत जाताना दिसतात आणि आजवर निपचित पडलेली डाव्या कोपऱ्यातली पाने पहिल्यांदाच डुलत आहेत. नळीने ओढलेल्या पाण्याचा पीएच दिवे लागल्यावर तीन तासांनी, रोज एकाच वेळी मोजतो आहे. कार्पेट अजून कापलेले नाही, म्हणजे जो फरक पडेल तो प्रवाहाचा की कात्रीचा यावरून आपला वाद उरणार नाही. ताईंसाठी एवढेच, की फिल्टर इन्व्हर्टरवर घेतला आहे.