दुसऱ्याचा सांगाडा घेऊन लिहिलेलं कथासार ‘स्वतंत्र’ म्हणायचं का?

शाईपेन:
एकांकिका स्पर्धेसाठी आलेली कथासारं वाचतोय. एकात परदेशी चित्रपटाची गोष्ट जशीच्या तशी होती. तिथलं बंदर इथे रत्नागिरीचं मिरकरवाडा झालं, बापाचा मामा झाला, आणि वर ठळक अक्षरांत ‘स्वतंत्र कथा’. मला ही सरळ चोरी वाटते. पूर्ण संहितेत निदान संवाद तरी आपले असतात. दोन पानी कथासारात सांगाडाच काय तो असतो. तोच उचलला, तर लेखकाचं त्यात काय राहिलं?

तिसरी घंटा:
अहो, सांगाडा कुणाच्या बापाचा नसतो! भाऊबंदकी महाभारतापासून चालत आली आहे. देवलांचं ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरूनच आलं ना? आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की कल्पना, विषय, कथानक यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो. प्रांतीय भेदभावावरचं आपलं नाटक चित्रपटात उचललं, हा नाटककार आनंद यांचा दावा फेटाळला गेला. नवख्या पोरांना चोर ठरवू नका.

शाईपेन:
निकाल पुढेही वाचा. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असं स्पष्ट जाणवलं, तर तो स्वामित्वहक्काचा भंग, हेही त्यातच आहे. आणि ‘झुंझारराव’ला आपण रूपांतर म्हणतो, स्वतंत्र नाटक नाही.

प्राजक्त:
शाईपेन, राग पटतो, पण उसन्या सांगाड्यापासून सुरुवात करणं मला गैर वाटत नाही. मीही तशीच केली होती: दोन बहिणी आणि वडिलोपार्जित घर. लिहिता लिहिता आईचं नाव रेशनकार्डावरून कमी करायचा प्रसंग आला आणि धाकटी अर्जावर सही करेना. तिथून पुढचं सगळं बदललं, घराचा वाद मागेच पडला. कथासारात मी तो अर्जच आधी लिहिला. असे प्रसंग लिहायलाच हवेत. ‘दोन बहिणींचा संघर्ष’ एवढंच लिहिलं तर ते कुणाचंही असू शकतं, आणि उद्या कुणी उचललं तर दाद कशाच्या जोरावर मागणार?

तिसरी घंटा:
हे मान्य. मग प्रवेशअर्जात ‘कशावर आधारित’ असा रकाना ठेवा. विचारलंच नाही तर पोरं सांगणार कुठे?

शाईपेन:
ठेवतो. मूळ कृतीवर हक्क चालू असतील तर परवानगीचं पत्रही मागू. पण रकाना कोरा ठेवून पुन्हा तेच मिरकरवाड्याचं बंदर आलं, तर प्रवेशिका बाद.