पागासाठी शिशाची वजनं घरी ओतायची आहेत: साचा, पळी, कढई कशी करावी?

खाडीकाठ (देवगड)

नमस्कार मंडळी. ८ फूट त्रिज्येचा पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) विणून झाला आहे, खाडीतल्या बोय माशासाठी आणि कोळंबीसाठी. आता खालच्या दोरीत वजनं ओवायची आहेत. बाजारात मिळणाऱ्या वजनांच्या भोकाची कड धारदार असते, नायलॉन काही दिवसांत झिजतो. म्हणून स्वतःच ओतावी असा विचार आहे.

शिसं साधारण ६ किलो जमलं आहे. त्यात टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं, जुन्या केबलचं आवरण आणि एका जुन्या पागाची उतरवलेली वजनं आहेत. परदेशात लोक बंदुकीच्या गोळ्या ओतायला घरीच साचे आणि पळ्या बनवतात, ती हत्यारं पाहिली. तशी रचना आपल्या कामाला वापरता येईल का? प्रश्न असे:

वजन किती ग्रॅमचं आणि किती नग लागतील? साचा जांभ्यात कोरला तर चालेल का, की प्लास्टर ऑफ पॅरिसचा करू? आरपार भोक ओततानाच कसं पाडायचं? घरात ॲल्युमिनियमचं एक जुनं पातेलं आहे, ते शिसं वितळवायला घेऊ का?

ओतकाम_मिरकरवाडा

आधी शेवटचा प्रश्न, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला, म्हणून कागदावर ते चालेल असं वाटतं. पण ४०० अंशांच्या आसपास पातळ पत्र्याचं ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि ५–६ किलोचा भार कडेला धरून उचलला की तळ बसतो. गॅल्व्हनाइज्ड बादलीही नको, तिच्यावरचं जस्त शिशात उतरतं. बिडाची छोटी कढई किंवा जाड स्टेनलेस स्टीलचं भांडं घ्या. ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

दुसरं, गोळ्या ओतणाऱ्यांची हत्यारं शिकण्यासारखी आहेत यात शंका नाही. पण आपल्याकडे दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, म्हणून इथे फक्त जाळ्याच्या वजनांचं बोलू.

आता हिशोब. पागाला त्रिज्येच्या दर फुटामागे साधारण साडेचारशे ग्रॅम शिसं धरतात. ८ फुटाला ३.६ किलो झालं. घेर साधारण ५० फूट, म्हणजे १५ मीटरच्या वर. १२ ग्रॅमचं एक वजन धरलं तर ३०० नग आणि दोन वजनांच्या मध्यांमध्ये ५ सेंटीमीटर. कोळंबीसाठी पाग लवकर तळाला बसायला हवा, म्हणून यापेक्षा हलकं करू नका.

जांभा नको. त्याच्या छिद्रांत पाणी राहतं, वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. गरम शिसं लागलं की दगड सोलपटतो आणि शिसं उडतं. प्लास्टरमध्ये तर पाणी रासायनिकरीत्याच बांधलेलं असतं. ते काढायला साचा भट्टीत २०० अंशांना तासन्‌तास भाजावा लागतो आणि आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत तो पुन्हा ओल धरतो. २०–२५ नगांसाठी सागाच्या फळीचा साचा चालतो, मग त्याच्या कडा जळून जातात. ३०० नग हवेत म्हणजे ॲल्युमिनियमचा दोन पाखांचा (उघडमीट होणाऱ्या दोन भागांचा) साचाच करा.

साहित्य असं: ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी २० मिमी जाड, ५० मिमी उंच, १५० मिमी लांब. ५ मिमीच्या दोन डॉवेल पिना (दोन्ही पाखं समोरासमोर बसवणाऱ्या खुंट्या). ४ मिमी जाड लोखंडी पट्टी. एक एम ६ बोल्ट, स्प्रिंग वॉशर. एका टोकाला दाराची बिजागरी, दुसऱ्या टोकाला लाकडी मुठीचे दोन दांडे. भोकासाठी वेल्डिंगच्या दुकानात मिळणारी ३.२ मिमीची स्टेनलेस फिलर रॉड, ८० मिमीचे पाच तुकडे, वरचं टोक वाकवून पक्कडीत धरता येईल असं. तांब्याचा मुलामा असलेली रॉड घेऊ नका, तिला शिसं चिकटून बसतं.

दोन्ही पट्ट्या व्हाइसमध्ये घट्ट जोडा आणि आधी डॉवेलची भोकं पाडा. मग जोडाच्या रेषेवर वरून, २५ मिमीच्या अंतराने, ३.३ मिमीच्या ड्रिलने (एम ४ आट्यासाठी वापरतात तोच) ४० मिमी खोल पाच भोकं. व्हाइस न हलवता त्याच केंद्रावर ९ मिमीचा ड्रिल २० मिमी खोल. एवढ्यावरच साच्याचं सगळं यश आहे. व्हाइस हलवून पुन्हा केंद्र शोधलंत तर भोक एका बाजूला जाईल आणि वजनाची एक भिंत कागदासारखी पातळ होईल. ड्रिलच्या टोकामुळे तळ आपोआप निमुळता होतो, त्या बाजूची कड बोथट राहते. असा नग साधारण साडेबारा ग्रॅमचा होतो.

वरची लोखंडी पट्टी एका टोकाला बोल्टवर फिरती ठेवायची. तिच्यात प्रत्येक खाचेच्या (९ मिमीच्या भोकाच्या) बरोबर मध्ये रॉडसाठी ३.३ मिमीचं भोक आणि त्याला चिकटून ४ मिमीचं ओतायचं भोक, वरून काउंटरसिंकने पसरट केलेलं. रॉड वरून या पट्टीतून खाली साच्याच्या बारीक भोकात जाते, म्हणजे दोन्हीकडे आधार मिळून ती मध्यावर राहते. रॉड आत असेपर्यंत पट्टी फिरत नाही. शिसं गोठल्यावर रॉड ओढायच्या, मग लाकडी हातोडीने पट्टी फिरवायची की ओतायच्या भोकात उरलेला वरचा ओतीव भाग सफाईने कापला जातो. गोळ्यांच्या साच्यांत हीच कापपट्टी असते, आपण तिच्यात फक्त रॉडचं भोक वाढवलं आहे.

शेवटी दोन्ही पाखांच्या आतल्या तोंडावर, प्रत्येक खाचेपासून बाहेरपर्यंत, टोकदार सुईने बारीक रेघा ओढा. हवा तिथून निघून जाते, शिसं मात्र इतक्या बारीक रेघेत शिरत नाही.

पळी विकत मिळते तशी नको. स्टीलच्या खोल पळीच्या बाजूला, तळापासून थोडं वर, ४ मिमीचं भोक पाडा आणि पळी तिरकी करून तिथून ओता. मळी वर तरंगते, स्वच्छ धातू खालून येतो. दांडा निदान ४० सेंटीमीटर.

हर्णै_बंदर

वरच्या साच्यात बदल सुचवायचा नाही, उत्तम आहे. मी शिशाबद्दल लिहितो, कारण या सहा किलोंत दोन धोके आहेत.

पहिला धोका जुन्या पागाची वजनं. दुमडलेल्या वजनाच्या पोटात खारं पाणी, वाळू आणि नायलॉनचा तुकडा अडकलेला असतो. असं वजन वितळलेल्या शिशात टाकलं तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आकारमान १७०० पट वाढतं आणि कढईतलं शिसं अंगावर येतं. पृष्ठभागावर पडलेला थेंब चरचरून उडून जातो. खाली दबलेला थेंबच घातक. म्हणून ही वजनं आधी पक्कडीने उघडा, नायलॉन काढा, गोड्या पाण्यात धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग *थंड* कढईत टाका आणि झाकण ठेवून मंद आचेवर सुरुवात करा. नंतर भर घालायची झाली तर तुकडे आधी कढईच्या काठावर तापवून घ्या. वितळलेल्या शिशात गार, ओला तुकडा कधीच नाही.

दुसरा धोका बॅलन्सिंगच्या वजनांत. आजकाल त्यांत लोखंडाची आणि जस्ताची पुष्कळ येतात. लोखंड लोहचुंबकाला लागतं. जस्त ओळखायला पक्कडीने चावा: शिशावर खोल वण उठतो, जस्तावर जवळजवळ नाही. जमिनीवर टाकलं तर शिसं थपकन पडतं, जस्त खणखणतं. एखादं निसटलंच तर तापमान ४०० च्या खाली ठेवा. जस्त ४१९ ला वितळतं, शिशाहून हलकं असल्याने वर तरंगत राहतं, झाऱ्याने काढून टाका. एकदा विरघळलं की शिसं पेजेसारखं दाटतं, साच्यात भरत नाही, तो घाणा भंगारातच जातो.

बॅटरीच्या प्लेटा कोणी देऊ केल्या तर घेऊ नका. त्यात शिशाच्या सल्फेटची भुकटी आणि आम्ल असतं, वितळवताना विषारी वायू निघू शकतात. ते परवानाधारक कारखान्याचं काम.

केबलचं आवरण जवळजवळ शुद्ध शिसं असतं. मऊ, छान, पण कोपऱ्यांत भरायला जरा आळशी. बॅलन्सिंगच्या वजनांत अँटिमनी हा धातू थोडा असतो, त्याने कडकपणा येतो. दोन्ही निम्मी निम्मी घ्या. ५ किलोला रेडिओ दुरुस्तीचं ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) ८० ग्रॅमच्या आसपास घातलं तर कथील साधारण १ टक्का होतं आणि बारीक कडाही भरतात.

वितळल्यावर बोराएवढं मेण टाका, ढवळा, कडेला लागलेलं खरवडा. मेण पेटतं, तोंड लांब ठेवा. राखाडी मळी वर येईल, ती झाऱ्याने काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. ही मळी खाडीत, विहिरीजवळ किंवा परसात टाकायची नाही. भंगारवाल्याला डब्यासकट द्या.

खाडीकाठ (देवगड)

दोघांचेही आभार. साचा लेथवाल्याकडून वरच्या मापाने करून घेतला. २० नग काढून पाहिले. काहींच्या अंगावर सुरकुत्या आहेत, काही नग १०.५ ग्रॅमचेच भरतात, आणि दोन रॉड निघता निघेनात. तापमान मोजायला मल्टिमीटरचा के टाइप प्रोब आहे, ३६० दाखवत होता. साच्याला तेल लावलं होतं.

ओतकाम_मिरकरवाडा

तेल हेच सुरकुत्यांचं कारण, त्यात साचा थंड. तेलाची वाफ शिसं आणि साचा यांच्यात बसते आणि शिसं तिच्यावर गोठतं. रॉकेलने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग मेणबत्तीच्या ज्योतीवर दोन्ही पाखं आणि रॉड धरून पातळ काजळी चढवा. साचा तव्यावर दहा-पंधरा मिनिटं तापवा. तरीही पहिले चार-पाच घाणे कढईतच परत जातील, तो साचा तापवण्याचाच भाग आहे. उलट नग पांढुरके, खरखरीत निघू लागले तर साचा जास्त तापला, दोन मिनिटं उघडा ठेवा.

१०.५ ग्रॅम म्हणजे आत पोकळी. शिसं गोठताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं आणि तेवढं त्याला वरून हवं असतं. ओतायच्या भोकावर वाटाण्याएवढा ढीग राहील इतकं ओता, पळी लगेच उचलू नका. ३६० जरा कमीच आहे, ३८० ठेवा. ४०० च्या वर जाऊ नका. प्रत्येक घाण्यातला एक नग तोला. १२ च्या खाली आला तर परत कढईत.

रॉड अडकतात कारण आकसणारं शिसं त्यांना आवळतं. ओतीव भागाची चमक मावळून मध्ये खळगा पडला की पाच सेकंद थांबा आणि अर्धा पीळ देऊन सरळ वर ओढा. पूर्ण गार होईपर्यंत थांबलात तर ती हातोडीशिवाय येणार नाही. रॉड वापरण्याआधी बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा. आडवे ओरखडे असतील तर शिसं त्यात दात रोवतं.

कडांना पातळ पापुद्रे येत असतील तर पाखं नीट मिटत नाहीत. जोडावर शिशाचा कण अडकला आहे का पाहा.

वेंगुर्ला_जाळीवाला

जागेबद्दल कोणी लिहिलं नाही. माडाखाली बसू नका, झावळ्यांवर साठलेलं पाणी वारा आला की टपकतं. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत जाळ्यांची कामं निघतात हे खरं, पण ओतकाम त्या आधी एप्रिल-मेमध्येच उरका. सकाळी मतलई वारा असतो, दुपारी खारा. वाऱ्याकडे पाठ ठेवा आणि वारा फिरला की तुमची बैठकही फिरवा. कपाळाला फडकं बांधा, घाम कढईत पडू नये. सुती पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे, बूट, डोळ्यांना चष्मा. नायलॉनचा टी-शर्ट कातडीला चिकटतो.

या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी. विष येतं ते मळीच्या भुकटीतून आणि हातावरून. मध्ये तंबाखू, विडी, चहा काही नाही. काम झालं की साबणाने हात-तोंड, मग कपडे वेगळे धुवायचे. लहान मुलं आणि गरोदर बाई अंगणात नकोत. मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

कानस वापरू नका, भुकटी उडते. पापुद्रे पक्कडीने काढा. कापलेल्या बाजूच्या भोकात ६ मिमीचा ड्रिल हाताने दोन फेरे फिरवा, कड गोल होते आणि नायलॉन कापण्याची तुमची मूळ अडचण तिथेच संपते. खाली ओला कागद पसरा, कीस गोळा करून मळीच्या डब्यात. कागद कढईपासून लांब.

ओवताना सगळ्या वजनांची निमुळती बाजू एकाच दिशेला ठेवा. दर पाच वजनांनंतर दोरीला गाठ मारा, नाहीतर पाग फेकताना ती एका बाजूला सरकतात, घेर वाकडा उघडतो आणि बोय त्या फटीतून निघून जाते.