एरर, फॉल्ट, फेल्युअर: चूक, दोष, बिघाड?

अर्धविराम
सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवताना एरर, फॉल्ट आणि फेल्युअर यांतला फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. मराठीत समजावताना मात्र तिन्हींना 'चूक' म्हणून भागवलं जातं. चार-पाच जणांच्या प्रोजेक्टमध्ये त्याने घोळ होतो. 'चूक सापडली' म्हणजे कोडमधली ओळ सापडली, की स्क्रीनवर भलता आकडा दिसला? चूक, दोष, बिघाड असे तीन शब्द लावले तर चालतील का?

कोरा_कागद
चालतील, पण तीन पुरणार नाहीत. गोंधळ मुळात 'एरर'मुळे होतो. आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परिभाषेत एरर म्हणजे माणसाच्या हातून झालेली चूक. टेस्टिंगच्या काही पाठ्यपुस्तकांत मात्र एरर म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मेमरीत तयार झालेली चुकीची स्थिती. वर्गात अर्ध्यांनी एक पुस्तक वाचलं आणि अर्ध्यांनी दुसरं, की वाद मिटत नाही. म्हणून चार शब्द घ्या: चूक माणसाची, दोष कोडचा (किंवा आराखड्याचा, एसआरएसचा म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजांच्या दस्तऐवजाचा), विपरीत स्थिती चालू प्रोग्रॅमची, आणि बिघाड वापरणाऱ्याला दिसणारा.

उदाहरण हजेरीचं घेऊ. ७५ टक्के हजेरी असेल तर 'पात्र', नाही तर 'अपात्र', एवढंच स्क्रीनवर दाखवायचं आहे. जावामध्ये कुणी असं लिहिलं:

टक्के = हजर / एकूण * १००

दोन्ही संख्या पूर्णांक आहेत, त्यामुळे भागाकार आधी होतो आणि अपूर्णांक उडतो. आता चार चाचण्या पाहा.

४० पैकी ४०: टक्के १००, उत्तर 'पात्र'. दोष आहे, पण आतली स्थितीही बरोबर आणि उत्तरही बरोबर.
४० पैकी ०: तेच, सगळं बरोबर.
४० पैकी २०: टक्के ५० हवे होते, आले ०. स्थिती विपरीत. तरीही उत्तर 'अपात्र', म्हणजे बरोबरच!
४० पैकी ३२: टक्के ८० हवे होते, आले ०. उत्तर 'अपात्र'. हा बिघाड.

विद्यार्थी बहुधा पहिल्या दोन चाचण्या लिहितात, दोन्ही हिरव्या होतात आणि मॉड्यूल 'टेस्टेड' म्हणून पुढे जातं. दोष उघडा पडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: चाचणी त्या ओळीपर्यंत पोचली पाहिजे, तिथे स्थिती बिघडली पाहिजे, आणि बिघडलेली स्थिती बाहेरच्या उत्तरापर्यंत झिरपली पाहिजे. कव्हरेजचं टूल, म्हणजे चाचण्यांत कोडच्या कोणत्या ओळी चालल्या हे दाखवणारं, यातली फक्त पहिली मोजतं. वरच्या चारही चाचण्यांत त्या ओळीचं कव्हरेज १०० टक्केच आहे.

(दुरुस्ती: हजर * १०० / एकूण. इथेही अपूर्णांक उडतो, पण ७५ शी तुलना करताना त्याने निकाल बदलत नाही. राउंड केलं तर मात्र ७४.७५ वाला पात्र ठरेल. आणि एकूण ० असताना, म्हणजे सत्राच्या पहिल्या दिवशी, काय करायचं हे एसआरएसमध्येच लिहिलेलं हवं.)

पाणीपट्टी
'बिघाड' खटकतो. बिघाड म्हटलं की यंत्र बंद पडलेलं डोळ्यांपुढे येतं. इथे तर प्रोग्रॅम छान चालतोय, फक्त उत्तर चुकीचं देतोय. 'अपयश' का नको?

कोरा_कागद
अपयश प्रयत्न करणाऱ्याला येतं. घड्याळ चालू असून दहा मिनिटं मागे पडत असेल, तरी आपण 'घड्याळ बिघडलंय' असंच म्हणतो. अपेक्षेप्रमाणे काम न होणं एवढा अर्थ बिघाडात आहेच.

टेस्टवाली
चौकट पटली, पण दोष नेहमी कोडच्या ओळीत सापडेल असं समजू नका. एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. दिशा-मापन यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून उचललेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटी दशांश संख्या १६ बिटी पूर्णांकात बदलली जाई. १६ बिटांत ३२,७६७ च्या वर मावत नाही. एरियान ४ च्या मार्गावर ती संख्या एवढी वाढतच नसे, म्हणून प्रोसेसरवरचा भार आटोक्यात ठेवायला तिथली तपासणी जाणूनबुजून गाळली होती. एरियान ५ चा आडवा वेग लवकर वाढला, संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणाने गेली. रॉकेट ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. वर ते गणित उड्डाणानंतर लागतही नव्हतं.

आता सांगा, दोष कुठे? ती ओळ एरियान ४ साठी बरोबर होती. चौकशी मंडळाने दाखवून दिलं की एरियान ५ च्या उड्डाणमार्गाचा तपशील त्या यंत्रणेच्या गरजांच्या दस्तऐवजात घेतलाच नव्हता. म्हणजे दोष दस्तऐवजात, आणि चूक ते न घेण्याचं ठरवणाऱ्यांची. जुनं मॉड्यूल नव्या सिस्टिममध्ये घेताना कोड वाचून भागत नाही. त्यात गृहीत धरलेल्या मर्यादा, म्हणजे किमान-कमाल मूल्यं, एककं, किती वेळात उत्तर हवं, हे सगळं पुन्हा तपासावं लागतं.

अर्धविराम
मग बग रिपोर्टमध्ये काय लिहायचं? 'बग' शब्द तर जाणार नाही.

टेस्टवाली
बोलण्यात 'बग' राहू द्या. रिपोर्टमध्ये फक्त बिघाड लिहायचा: कोणती आवृत्ती, कोणत्या पायऱ्या, कोणता डेटा, काय अपेक्षित होतं, काय दिसलं. 'भागाकार चुकलाय' असा निदानाचा अंदाज त्यात घुसला की दुरुस्ती करणारा तीच ओळ धरून बसतो. दोष सापडल्यावर त्याची नोंद कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या जतन केलेल्या नोंदीत, येते. कधीपासून आहे हे कळत नसेल तर गिट बायसेक्ट (दर पायरीला निम्मी कमिटं वगळत दोषी कमिट शोधणारी आज्ञा) लावा, हजार कमिटमधून साधारण दहा पायऱ्यांत नेमकं कमिट हाती लागतं. एक दोष पाच बिघाड दाखवू शकतो, म्हणून पाच रिपोर्ट बंद झाले तरी दुरुस्ती एकच असू शकते. त्या आकड्यांवरून कुणाचे गुण ठरवू नयेत.

पाणीपट्टी
बिघाड मान्य. 'विपरीत स्थिती' मात्र फार पोथीतली वाटते. 'बिघडलेली स्थिती' म्हटलं तर बिघाडाशी गोंधळ होईल, म्हणून सरळ 'चुकीची स्थिती' ठेवू या.

कोरा_कागद
चालेल.