मॉरिशसमधल्या फ्रेंच मळेवाल्याचं घराणं शोधायचंय, धागा कुठून धरू?

चिपळूणची_लेक
नमस्कार मंडळी. मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन मॉरिशसला आले त्याला अकरा वर्षं झाली. सासऱ्यांचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इकडे आलेले. इथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून त्यांचा उतारा काढला, त्यात नंबर, बापाचं नाव, गाव, उंची, जहाज आणि कुठल्या मळ्यावर धाडलं ते सगळं मिळालं. आता मला मळ्याच्या मालकाचं घराणं शोधायचंय, कारण हजेरीच्या वह्या, पगाराचे कागद असं काही उरलं असेल तर ते त्यांच्याच वारसांकडे असणार ना. पण तीन पिढ्या बाप, मुलगा, नातू सगळ्यांची नावं तीच, आडनावापुढे कधी 'द' (फ्रेंच 'de', म्हणजे 'अमक्या ठिकाणचा') आहे कधी नाही. आणि बेट तर १८१० मध्येच इंग्रजांनी घेतलं, मग नंतरसुद्धा मालक फ्रेंचच कसे? क्रेओल, म्हणजे इथली बोली, बोलते मी, फ्रेंच वाचता येतं पण हळूहळू.

जुनं_दप्तर
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सांगतो. १८१० च्या तहात इंग्रजांनी रहिवाशांची मालमत्ता, कायदे, धर्म हे सगळं तसंच ठेवायचं कबूल केलं होतं, त्यामुळे झेंडा बदलला तरी जमिनी फ्रेंच घराण्यांकडेच राहिल्या आणि नेपोलियनचा दिवाणी कायदा, जो तिथे १८०५ मध्ये लागू झालेला, तोही राहिला. या कायद्यात सगळ्या मुलांना वाटणी, मुलींनासुद्धा, म्हणून मालमत्ता असलेलं माणूस गेलं की बहुधा नोटरीकडे, म्हणजे दस्त करून जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मालमत्तेची यादी व्हायची आणि वाटणीपत्र व्हायचं. तुमचं खरं सोनं तिथे आहे.

आणि 'द' वर फार विसंबू नका हो. भाऊ भाऊ वेगळे ओळखू यावेत म्हणून जमिनीचं नाव आडनावाला जोडायची त्यांच्यात रीतच होती, एकाच आईची मुलं वेगवेगळी आडनावं लावतात. नावामागे धावण्यापेक्षा जमिनीमागे जा, जमीन जागची हलत नाही. बायकांच्या बाजूनेही शोधा, फ्रेंच कागदात बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत चालतं, त्यामुळे एकाच नावाचे तीन पुरुष असले तरी बायकोवरून कोण कुठला ते लगेच कळतं.

पुणेकर_फ्रान्समध्ये
इथली बाजू मी सांगते. एक्स-आँ-प्रोव्हान्सला वसाहतींचं सरकारी दप्तर आहे, १७७६ च्या हुकुमाने वसाहतींमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची एक प्रत फ्रान्सला पाठवणं सक्तीचं झालं आणि त्यातलं बरंचसं ऑनलाइन घरबसल्या बघता येतं. मॉरिशससाठी 'इल द फ्रान्स' या जुन्या नावाखाली बघा. मूळ पुरुष फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून आला असेल तर इथल्या लोरियां बंदराच्या दप्तरात जहाजांच्या याद्या आहेत, आणि त्यातले पुष्कळ लोक ब्रिटनीचे (फ्रान्सचाच एक प्रांत) असल्यामुळे तिथल्या जिल्ह्यांच्या चर्चच्या वह्याही चाळा, त्याही नेटवर आहेत.

एका गोष्टीत मी स्वतः आठवडाभर अडकले होते ते सांगून ठेवते. क्रांतीनंतरच्या नोंदींत 'साल ६, महिना प्लुव्हिओज' असं काही दिसलं तर गोंधळू नका, ते क्रांतीचं कॅलेंडर, त्याचं पहिलं साल २२ सप्टेंबर १७९२ पासून सुरू होतं आणि १८०६ च्या १ जानेवारीला ते बंद झालं.

मीठबंदर
वरचं सगळं बरोबर आहे पण एक राहिलं. आपले लोक त्या मळ्यावर जायच्या आधी तिथे गुलाम राबत होते, आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली आणि भरपाई मिळाली ती मालकांना, राबलेल्यांना एक पैसाही नाही. त्या भरपाईचे दावे मालकाच्या नावासकट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या डेटाबेसमध्ये आहेत, मॉरिशसचेसुद्धा. घराणं शोधायला हा कागद फार कामाचा, कारण कोण कुणाचा वारस, कुणाचा सावकार ते त्यात दिसतं. पण ताई, इंग्रजांनी १८१७ पासून केलेल्या गुलामांच्या नोंदवह्याही जरूर बघा. त्यांची नावं आहेत त्यात, आणि ती बघायला येणारं माणूस क्वचितच असतं. मालकाची वंशावळ काढताना तीही उतरवून घ्या, एवढी विनंती.

जुनं_दप्तर
मीठबंदर, अगदी मनातलं बोललात. ताई, एक विचारायचं राहिलं, सासरचं घर स्वतःच्या जमिनीवर आहे का? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मळेवाल्यांनी कडेकडेचे तुकडे पाडून गिरमिटवाल्यांना विकले होते. तसं असेल तर खरेदीखत काढा. त्यात जमीन आधी कुणाची, त्याला कुणाकडून आली, असा मागे जाणारा एक परिच्छेद असतो.

चिपळूणची_लेक
मंडळी, काल रात्री सासूबाईंची पत्र्याची पेटी उघडली. खरेदीखत सापडलं, घडीवर फाटलंय, शाई तपकिरी झालीय. पाऊण आर्पां जमीन, म्हणजे आपल्या हिशोबात पाऊण एकराहून थोडी जास्त. खाली पणजोबांचा अंगठा. आणि तो परिच्छेद आहे! विकणारी मालकाची विधवा, तिचं माहेरचं आडनाव स्वच्छ लिहिलंय, जमीन तिला नवऱ्याकडून, त्याला बापाच्या वाटणीतून, वाटणी करणाऱ्या नोटरीचं नाव आणि तारीखसुद्धा. सासरे चष्मा लावून तीनदा वाचत बसले, त्यांना वाटायचं या पेटीत फक्त टॅक्सच्या पावत्या आहेत. सोमवारी त्या नोटरीचं दप्तर मागायला सरकारी अभिलेखागारात जातेय, आणि मीठबंदर, गुलामांच्या वहीबद्दलही विचारते.